उसवलेल्या बाईची वही

डॉक्टर वाटानेन बाई म्हणाल्या:
एकवीस दिवस कॉफी बंद. आणि वही लिहा.
मी म्हटलं, त्यापेक्षा हात तोडा.
तसाही तो माझा कुठे आहे,
मंगळवारी दुधाचं पाकीट उचलताना
खांदा खोबणीतून निघून
फिरायला गेला होता.

हाडं आहेत, मांस आहे,
दोहोंना बांधणारी दोरीच जन्मतः सैल.
शाळेत अंगठा वाकवून मनगटाला टेकवायचे,
पोरं खारट लिकोरिसच्या गोळ्या द्यायची.
ती कमाई अजून फेडते आहे.

आणि पोटासाठी करते काय, तर जाळी सांधते.
कालायोकीच्या धक्क्यामागे, शेगडीजवळ,
दुसऱ्यांच्या मासळीसाठी घट्ट गाठी.

पहिला दिवस. काही नाही.
दुसरा. डोक्यात कुणी बर्फ फोडतंय.
तिसरा. आता दोघं.
पाचवा. डोकं थांबलं आणि गुडघे बोलू लागले,
इतकी वर्षं त्या गलक्यात
त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दवाखान्याच्या कागदावर दुखणं म्हणजे एक ते दहा.
मी आकड्यापुढे लिहिते:
खुब्यात ठणका, पाठीत उसण,
बोटांच्या पेरांत ठसठस,
आणि रात्री तीनला पोटरीतून एक सणक,
समुद्रावरचं बर्फ तडकतं तशी,
लांबून येते, लांब जाते.

आठव्या दिवशी वेदनेच्या गोळ्या आणल्या.
डबीमागे बारीक अक्षरात: कॅफीन.
दारातून हाकललेला पाहुणा
खिडकीतून आत येऊन बसलेला.
बाईंना फोन केला. त्या हसल्या.
म्हणाल्या, ती दुखणं थोडं दाबते, झोपही थोडी खाते,
आणि झोप गेली की दुखणं व्याजासकट परत येतं.
प्रयोगशाळेत काचेच्या बशीत
कॅफीनमध्ये ठेवलेल्या पेशी
तंतू कमी विणतात, असं दिसलंय म्हणे.
पण राईली, तुम्ही बशी नाही.
माहीत आहे, मी म्हटलं,
बशी इतक्या वेळा निखळत नाही.

बाराव्या दिवशी सहापर्यंत झोपले.
तौनो गेल्यापासून पहिल्यांदाच.
वहीत लिहिलं: सातावरून पाच.
मग खोडलं. साडेपाच.
उगाच नजर लागायला नको.

पण तेव्हापासून हिल्क्का आली नाही.
तेवीस वर्षं ती दहाच्या ठोक्याला बर्फ तुडवत यायची,
बूट दारात काढायची, दोन कप प्यायची,
आणि निघताना, काही न बोलता,
मागे उभी राहून
माझ्या खांद्याची वाटी तळव्याने दाबून
जागेवर बसवायची.
चहावर कशी येईल?
आमच्या गल्लीत चहा आजाऱ्याला देतात.
वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.

एकोणिसावा: सहा. विसावा: सात.
वाराही फिरला होता, त्याचंही असेल.
कशाने काय झालं, कोण सांगणार.

बाविसाव्या सकाळी किटली चढवली.
एक चमचा टाकला. मग अर्धा अजून.
फोनवर म्हटलं, बाराच्या आत ये, पुढे मला मनाई आहे.
कुणाची, हिल्क्का म्हणाली.
माझीच.

आली. बूट काढले.
कपाआधी ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली.
तळवा थंडगार होता.
जाळ्यातली एक गाठ अर्धीच राहिली,
सुई तशीच लटकत.