चारशे ऐंशीचा बूट

गोडोलीच्या नाक्याआधी, पंक्चरवाल्याच्या मागे
दस्तगीर मुलाणीचं गॅरेज. पाटी नाही.
"स्टेअरिंग डावीकडं पार संपेस्तोवर फिरवा, मॅडम,
आन् खाली उतरून या."

उतरले. शाळेच्या साडीतच गुडघे टेकले,
त्यानं पसरलेल्या पोत्यावर.
उजव्या चाकामागे बॅटरी धरली त्यानं:
पेटीच्या भात्यासारखं काळं रबर,
वळीवर वळी.
"चाक सरळ असलं की ह्यो धडधाकट दिसतो.
वाकवूनच बघायचा असतो."

आणि वाकवल्यावर, दोन वळ्यांच्या खोबणीत,
नखाएवढी चीर
सावकाश उघडली.

"आतला बूट टिकतो. त्याला वळावं लागत नाही फारसं.
भायेरचा जातो. घाटात तर जातोच."
रिमच्या आतून सगळीकडे ग्रीस उडालेलं.
त्यातलं थोडं त्यानं माझ्या बोटावर ठेवलं.
काजळ वाटलं. चोळलं तर
करकरलं.
यवतेश्वरची खडी, कासची तांबडी माती,
बामणोलीकडे अर्धवट टाकून ठेवलेला मुरूम,
माझा रोजचा रस्ता
सहा पोलादी गोळ्यांमध्ये
गुपचूप दळला जात होता.

"आवाज कवापासनं?"
झाले चार दिवस, मी म्हणाले.

खरं तर पहिल्या घटक चाचणीपासून.
प्रत्येक वळणाला कट् कट् कट् कट्.
मागे बसणाऱ्या सुर्वे बाईंनी विचारलंसुद्धा,
आणि मी रेडिओ वाढवला.

"बूट चारशे ऐंशीला. जॉइंट साडेपाच हजार.
चीर पडली त्याच आठवड्यात आला असता तर..."
वाक्य तिथंच सोडून तो पाना शोधायला गेला.
नुसता बूट घातला तर चालेल का?
"घालतो की. पण आतलं झिजल्यालं
बुटानं भरून येतंय व्हय?"

जुना बूट त्याच्या पोरानं मनगटात घातला,
कोपरापर्यंत काळा झाला, आणि ओरडा खाल्ला.

संध्याकाळी घाट. रेडिओ बंद.
पहिलं वळण. दुसरं. पिसाणीच्या टपरीजवळचं ते आखूड वळण.
"काय ऐकताय एवढं?" सुर्वे बाई.
काही नाही, म्हणाले.
तेच तर ऐकत होते.

डावीकडचा
पुढच्या पगाराला बघू म्हणालाय.
अजून वाकवून पाहिलेला नाही.