पहिल्या पेरापर्यंत

बांबोळीहून अकरा दिवसांनी रायबंदरला परतलो,
तर आर्मिंदाने कुंड्या ओल्या ठेवलेल्या,
जरा जास्तच. पिंपळाच्या बुंध्यावर गोगलगाय.
"मला काय ठाऊक," ती म्हणाली,
"एवढ्याशा झाडाला तहान किती?"

मलाही बत्तीस वर्षांत नीट कळलेलं नाही.
बोट खुपसून बघतो, पहिल्या पेरापर्यंत.
चिऱ्याची भुकटी कोरडी लागली तर पाणी,
नाहीतर उद्या.

उन्हाकडे पाठ फिरवून बसलेल्यांना वळवलं.
चिंचेच्या फांदीवरची तांब्याची तार
मे महिन्यातच काढायला हवी होती.
सालीत रुतलीय. आता उलगडायची नाही,
तोडायची, वेढ्यावेढ्याने,
पक्कडीचं टोक झाडाला न लागू देता.

नर्सने माझी अंगठी अशीच कापली,
हात सुजला तेव्हा.
"हलू नका हां, काका."
हललो नाही.

वळ राहील दोन-तीन पावसाळे.
फांदी वाकवली तशी राहिलीय,
मांडवीच्या बाजूला, थोडी खाली.

साडेसहाला चिंचेनं पानं मिटली.
चर्चमागच्या थोरल्या चिंचेनंही, त्याच सुमाराला.
हिला वीतभर उंचीवरून
कसं कळतं?

सातव्या कुंडीत बोट घातलं.
अजून ओली.
उद्या.