यंदाचा शिक्का

माझं काम वजनं तपासायचं.
मशीद बंदरच्या पेढ्यांवर
काट्याच्या पोटाखाली हात घालून
चिकटवलेलं लोहचुंबक काढतो मी.
"साहेब, देवाशपथ, आम्हाला ठाऊकच नव्हतं."
सगळ्यांना ठाऊक असतं.

रात्री घोडपदेवच्या खोलीत
मीच निरीक्षक, मीच पेढीवाला.
शेजारी सुलभा. लग्नाला सात आठवडे,
दोघांचंही दुसरं.
ती एक्केचाळीस, मी सेहेचाळीस,
या वयात आता कसली परीक्षा,
असं वाटलं होतं.

दिवा मालवला की माझ्यातून कुणीतरी उठतो,
पलंगाच्या पायथ्याशी उभा राहतो,
पेनाचं टोपण काढतो.
आता?
आता?
आणि जे आपलंआपण यायचं
ते हाक मारलेल्या मांजरासारखं
कपाटाखाली जाऊन बसतं.

मी म्हणतो, फार दगदग झाली आज.
ती म्हणते, हं.
त्या 'हं'चं वजन मला करता आलं नाही.
दगदग, पाठ, ॲसिडिटी, उद्या लवकर उठायचंय:
चार रात्री, चार खोटी मापं.
मग तिच्याआधी झोपायला लागलो.
म्हणजे, झोपल्यासारखा.

भायखळ्याच्या पुलाखाली पिवळ्या भिंतीवर
एक नंबर होता. हमखास. निराश होऊ नका.
शनिवारी गेलो, रुमाल तोंडाला लावून.
बाकावर आम्ही पाच जण,
पाचही जण समोरच्या कॅलेंडरातला
मार्च महिना वाचत होतो.
एकाच्या मांडीवर लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा,
हळद लावलेल्या, बहुतेक त्याच्याच.

वैद्यांनी नाडी धरली, डोळे मिटले,
साडेतीन हजार म्हणाले,
आणि पुडी बांधायला तराजू उचलला.
पितळी, छोटा, सोनाराकडे असतो तसा.
सवयीने पाहिलं:
यंदाचा शिक्का नव्हता.
गेल्या वर्षीचाही नव्हता.
"शिक्का कुठाय?" मी विचारलं.
"कसला?"
आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा
मला माझा आवाज ओळखू आला.
(नोटीस मात्र दिली नाही.
खाली सही कोण करणार?)

घरी सुलभा भेंडी चिरत होती.
तिच्या मानेला सगळं सांगितलं.
तोंडाला सांगता आलं नसतं.
तराजूशी आल्यावर ती हसली, खूप हसली,
पत्रिकांशी आल्यावर थांबली.
विळी आडवी केली.
"मला वाटलं, मी नकोय तुम्हाला."

इतकी वर्षं नोकरी करून
दुसऱ्या पारड्यात कुणी बसलंय का
हे मी बघितलंच नव्हतं.

सुलभा नायरमध्ये एक्स-रे काढते,
दिवसाला ऐंशी छात्या.
त्या रात्री तिने माझ्या बरगड्यांवर तळवा ठेवला,
भेंडीचा वास अजून बोटांना,
आणि कामावरच्या आवाजात म्हणाली,
"श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."
थांबली.
"सोडा."
सुटला तो केवढा!
"सात आठवडे धरलात, अहो.
आज काही करायचं नाही. कळलं?
तुमच्या त्या साहेबांना सांगा, ऑफिस बंद."

नव्या पोरांना मीच शिकवतो,
काटा शून्यावर यायला वेळ लागतो.
हात काढा. पंखा बंद करा.
टक लावून बसू नका.

मग ती तिच्या पहिल्या घराचं थोडं बोलली,
तिथल्या एका खिडकीचं, जी कधी उघडायचीच नाही,
आणि वाक्याच्या मध्येच झोपली.
गोदीत कुठलंसं जहाज भोंगा देत होतं.
पलंगाच्या पायथ्याशी पाहिलं.
तो होताच.
पण बसला होता.

तिचा हात माझ्या छातीवर आडवा.
झोपलेल्या माणसाचा हात
जागेपणीच्या हातापेक्षा जड असतो.
शास्त्रात असं काही नाही.
खांद्याला मुंग्या आल्या,
मी तसाच पडून राहिलो.