राखून ठेवलेले

अठ्ठावीस वर्षं विधानसभेत
वरच्या खुर्चीच्या पायाशी, प्रतिवेदकांच्या टेबलावर,
पाच-पाच मिनिटांची पाळी.
पेन्सिल, वही, मान खाली.
माणसं मला चेहऱ्यांपेक्षा चपलांवरून ठाऊक.

उंबरजे साहेबांच्या करकरायच्या.
मंत्री होते तेव्हा घाईत आत यायच्या,
लक्षवेधीचं उत्तर अर्धं वाचून घाईत बाहेर.
मग ते सरकार पडता पडता वाचलं,
खातेवाटपाच्या रात्री मलबार हिलवर म्हणे पहाटेपर्यंत दिवे,
आणि सकाळी पेडामकर चोपदार कँटीनमध्ये सांगत आला:
"साहेबांनी नगरविकास नाकारला. अध्यक्षपद मागितलं."

मिसळीचा घास तोंडातच राहिला.
नगरविकास? ज्या खात्यात
एका सहीवर आभाळ मजल्या-मजल्यानं विकता येतं?
आणि खुर्चीला काय? एक घंटा,
जी वाजवून कुणी गप्प बसत नाही.
पक्षाच्या मेळाव्यात दिसायचं नाही.
हसायचं, तेही बेतानं.

मला कळायला दोन अधिवेशनं लागली.

ते वर बसल्यापासून त्यांच्या चपला दिसेनात.
नुसता आवाज यायचा, डोक्यावरून:
"होयचे बहुमत आहे, होयचे बहुमत आहे."
माझ्या कानांना त्या दिवशी 'नाही' मोठं वाटलं होतं.
पण वहीत कानांचं मत लिहायची सोय नाही.

गोवंडीच्या रेहाना मुकादम बोलायला उठल्या,
एका भूखंडाबद्दल, खाजणातल्या,
एक आडनाव घेतलं.
"ते कामकाजातून काढून टाकावे."
मी फुल्या मारल्या. तीन.
पुढच्या पानावर आडनावाचा ठसा उमटला होता,
बोटानं चाचपला, आणि पान उलटलं.

मग एका रात्रीत
अकरा जोड चपला डावीकडून उजवीकडे आल्या.
अपात्रतेचे अर्ज आले.
नोटीस. मुदत. मुदतवाढ. वकिलांचा ताप.
नाताळ. वकिलांच्या मुलीचं लग्न.
"निर्णय राखून ठेवण्यात येत आहे."

राखून ठेवणं मला ठाऊक होतं:
उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेली खिरीची वाटी.
इथं उशिरा येणार होती ती निवडणूक.

मंत्री 'करा' म्हणतो.
'करा'ची फाईल होते, फाईलला पाय फुटतात,
ते पाय कधीतरी कोर्टाची पायरी चढतात.
खुर्ची म्हणते 'बघू'.
'बघू' कुठल्या कपाटात सापडणार?
कोर्ट फार तर म्हणेल, वाजवी वेळेत ठरवा.
सभागृहातलं घड्याळ खुर्चीच्या मागे आहे,
त्यांना सोडून सगळ्यांना दिसतं.

एकदा कामकाज तहकूब झाल्यावर साहेब खाली आले.
दारं उघडी होती, नरिमन पॉइंटचा खारा वारा आत.
"बाई, काढून टाकलेलं कुठं जातं?"
"कुठं नाही साहेब. वह्या मुदतीनंतर जाळतात."
ते पायरीवरच टेकले. चपला काढल्या.
म्हणाले, "चौथीत मी वर्गप्रमुख होतो.
मास्तर बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची.
छडी मास्तरांची. माझ्याकडे खडू आणि फडकं.
पण मास्तरांना कुणी काही दिलं नाही कधी,
मला मात्र पोरं बोरं आणून द्यायची.
लिहिण्यासाठी नव्हे हो.
पुसण्यासाठीही नव्हे.
मी फडकं हातात धरून नुसता उभा असायचो, त्यासाठी."

हे मी लिहून घेतलं नाही.
सभागृह चालू नव्हतं.

सोमवारी त्यांच्या दालनाबाहेर
त्या अकरांपैकी सात-आठ जण बसलेले.
शिपाई चहा विचारत होता, कुणी घेत नव्हतं.
हातात पिशवी नाही, कागद नाही, काहीच नाही,
तरी हात असे मांडीवर,
जसं काही ओंजळीत आहे
आणि सांडू द्यायचं नाही.