किती इंच बर्फ

चार इंचांवर माणूस चालतो, बारांवर ट्रक.
हे बापाने शिकवलं, लेक सुपीरियरच्या काठी, थंडर बेमध्ये.
रंगावर भरवसा नाही ठेवायचा.
भोक पाडायचं, पट्टी सोडायची, मग पाऊल.

या बाबतीत पट्टी कुठली, ते मात्र तो सांगून गेला नाही.

प्रोस्टेट काढलं त्याला तीन वर्षं झाली.
नसा झोपल्यात, म्हणाले होते, दीड-दोन वर्षं द्या.
दिली.
त्यांनी कूससुद्धा बदलली नाही.

गोळ्या झाल्या. नाक चोंदलं, डोकं ठणकलं,
बाकी सगळं जिथल्या तिथे.
मग काचेची नळी आणि हातपंप.
इर्याला हसू आलं, मलाही आलं,
चांगलं हसलो, पुष्कळ दिवसांनी,
आणि हसण्यातच रात्र गेली.

मग सुई. बाटली फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे.
नातू विचारतो, आजोबा, हे काय?
माशांचं औषध, मी म्हणालो.
सुई चालते, खोटं कशाला बोलू.
पण एकदा चार तास उतरलंच नाही.
बाहेर हिमवादळ, आत इमर्जन्सीत मी,
मांडीवर टोपी ठेवून,
माझ्या मुलीच्या वयाच्या नर्ससमोर.

डॉक्टर ओबियोराबाईंनी टेबलावर नमुना ठेवला:
दोन नळ्या, एक पंप, पाण्याची पिशवी.
पिशवी पोटात, पंप अंडकोशात,
दाबलं की पाणी वर, सोडायचं बटण दाबलं की परत.
हे मला कळतं. धान्याच्या एलिव्हेटरवर
एकतीस वर्षं व्हॉल्व्हच दुरुस्त केले.
"पण एकदा बसवलं की मागे फिरणं नाही," त्या म्हणाल्या.
"आतलं जे उरलंय, ते त्या जागेत राहत नाही.
आणि दहा-पंधरा वर्षांनी बहुधा बदलावं लागेल.
आधी साखर खाली आणा.
बाकी कधी, ते तुम्ही ठरवा."

कधी.
जणू खिशात सुटे पैसे असावेत तसा
हा शब्द वर्षभर खुळखुळवत फिरलो.
उद्या नसा जाग्या झाल्या तर?
आणि नाहीच झाल्या,
तर वाट पाहून कोणाचं आयुष्य वाचवतोय मी?

शनिवारी सौनात आम्ही चौघे उघडे.
तिथे कोणी कोणाकडे बघत नाही,
म्हणजे सगळ्यांनी सगळं बघितलेलं असतं.
कालेर्वो दगडांवर पाणी ओतता ओतता म्हणाला,
"माझं बसवून सहा वर्षं झाली."
वाफ खाली यायला वेळ लागला.
दुखतं? "तीन आठवडे शिव्या देशील."
आणि पुढे? "पुढचं आइलीला विचार.
म्हणजे, विचारू नकोस."

त्या रात्री इर्याला सांगितलं, पाठ करूनच.
साखर, पंप, पिशवी, पंधरा वर्षं, सगळं.
ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, "मला घाई नाही, ताउनो.
पण मला वयही आहे."
आणि थोड्या वेळाने:
"तू हात का काढून घेतलास?
त्यांचं तर कोणी ऑपरेशन केलं नव्हतं."

खरं होतं.
जे शेवटाला नेता येणार नाही
ते सुरूच नको, म्हणून तीन वर्षं
तिच्या खांद्यालाही मी शिवलो नव्हतो.
चहा देतानाही कप टेबलावर ठेवायचो.

फेब्रुवारीत साखर सात पॉइंट एक.
ओबियोराबाईंच्या ऑफिसात फोन लावला.
एप्रिलचा दुसरा आठवडा, नाहीतर थेट जूनअखेर,
तिकडची मुलगी म्हणाली, कोणता लिहू?
मी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं.
एप्रिलमध्ये बर्फ सुटतो, कुठे किती जाड
कोणीच सांगू शकत नाही.
जूनमध्ये पाईक मासे...

"एप्रिल," इर्या म्हणाली,
शब्दकोड्यातून मान वर न काढता.

एप्रिल, मी फोनमध्ये म्हणालो.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
दुसरा हात तिच्या मानेवर होता,
केव्हापासून, माहीत नाही.