उजवा हात

डोकं ओरिसियाचं, डावा हातही तिचाच.
मी फक्त उजवा.
टेबलाखाली, तिच्या काखेशी डोकं खुपसून,
तेरा वर्षं एका निळ्या फरच्या बाहीत
राहतोय, बिनभाड्याचा.

प्राणी कोणता, ते शेवटपर्यंत ठरलंच नाही.
अस्वल म्हणावं तर शेपूट लांब,
बोकड म्हणावं तर शिंग एकच.
नाव मिस्टर डब्रुक.
पहिली सहा वर्षं तो खराखुरा होता,
म्हणजे सकाळी साडेआठचा, सरकारी चॅनलवरचा:
पोरांना दात घासायला, बुटाची नाडी बांधायला
आणि सातपर्यंत मोजायला शिकवायचा.
आठाच्या आदल्या शुक्रवारी कार्यक्रम बंद झाला.

आता गुरुवारी रात्री साडेदहाला,
विनिपेगमधल्या एका बारच्या तळघरात.
बाहेर उणे एकतीस,
आत बिअर आणि ओल्या लोकरीचा वास.
अठराच्या आतल्यांना मज्जाव.

"बाळांनोऽ!" डब्रुक ओरडतो,
आणि साठेक दाढ्या, टकलं, घटस्फोट
एका सुरात "होऽऽ" म्हणतात.
"आजचं अक्षर आहे डी!
डी म्हणजे डिपॉझिट, घरमालकानं गिळलेलं.
डी म्हणजे डॅडी, सिगरेट आणायला गेलेले.
चला, वजाबाकी करू:
पगारातून भाडं गेलं, हीटिंगचं बिल गेलं,
खाली काय राहिलं?
बोटं नका मोजू रे,
तीही हप्त्यावर आहेत."

इथं मी मधलं बोट दाखवायचं असतं.
पण फेल्टच्या हाताला बोटं चारच,
त्यातलं मधलं कुठलं
यावर आम्ही तीन आठवडे भांडलो.
शेवटी ओरिसियानं हात टेकले.
म्हणजे, डावा.

मग प्रश्नोत्तरं.
कुणी प्रोस्टेटचं विचारतं, कुणी कर्जाचं.
त्या रात्री मागून एक जण उठला,
बर्फ उपसणाऱ्या गाडीवरचा, नारिंगी जाकीट.
"तू यायचा का थांबलास?" म्हणाला.
"सोमवारी मी बसलो होतो टीव्हीसमोर.
मुद्दाम नाडी सोडून."

हसले. निम्मेच.

वरून उत्तर येईना.
मला खालून दिसत होतं तिचं कोपर,
त्याच्यावरचं प्लास्टर, जुन्या दुखण्याचं.
असल्या वेळी काय करायचं ते लिहिलेलं आहे:
बोट.
हात वर करणं तसं सगळ्यात सोपं.

"बूट दाखव," डब्रुक म्हणाला.
त्याचा सकाळचा आवाज.
सात वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

माणूस पुढं आला, लॉर्न का कुणी,
धाडकन पाय टेबलावर ठेवला.
बुटाला नाडी नव्हतीच.
चेन होती, रस्त्यावरच्या मिठानं गंजलेली.

मी आंधळा, बाहीतला.
चाचपलं, चिमटीत धरलं, ओढलं.
अडकली. खाली घेतली, परत ओढली.
एक, कुणीतरी म्हणालं.
दोन. मग सगळेच.
सातला तळघर थांबलं,
सवयीनं.

चेन अजून अर्ध्यावर होती.
लॉर्न खाली वाकला, माझ्या कानाशी,
हळूच म्हणाला, "राहू दे,
ती तशीच असते."
आणि पाय काढून बिअर आणायला गेला.

बंद करून आम्ही डब्रुकला हॉकीच्या बॅगेत घातलं,
शिंग आधी.
पार्किंगमध्ये इंजिन गरम होईपर्यंत
ओरिसिया काचेवरचा बर्फ खरवडत होती, डाव्यानं.
"चालतं हे," म्हणाली. "ठेवू पुढच्या गुरुवारी.
चेनवाला बूट तू आण."

बरं, म्हटलं.
लोक म्हणतात, तू तिचा उजवा हात.
मी सीटखाली शोधत होतो
हातमोजा.