ठणठणीत

थिएनश्वेइच्या यार्डात मी रात्रपाळीला चाकं वाजवतो.
लांब दांड्याची हातोडी, एक ठोका, पुढचं चाक.
चांगलं चाक ठण्ण म्हणतं आणि थोडा वेळ म्हणतच राहतं,
तडकलेलं बद्द बोलतं.
डोळ्यांना दोन्ही सारखीच: काळी, तेलकट, गोल.
बावीस वर्षांत एकशे चाळीस तडे पकडले या कानानं,
वहीत तारखा आहेत.

झियुन सहा वर्षांची.
शनिवारी नाचाचा वर्ग, टायरच्या दुकानावर.
मागे वाकून तळवे जमिनीला टेकवायचे,
पोट वर, केस फरशीवर,
उलट्या जगातून बाईंची पावलं बघत राहायची.
दहाव्या कमानीला म्हणाली, पाठीत कळ आली.
फेंगबाई म्हणाल्या, पाणी पी.
प्यायली.
जिना स्वतः उतरली.
हे मी सगळ्यांना सांगत सुटलो, अजून सांगतो:
सत्तावीस पायऱ्या, कठड्याला हात न लावता.

नूडल्सच्या गाडीपाशी म्हणाली,
बाबा, माझ्या पायांत सोडा फसफसतोय.
मग म्हणाली, संपला सोडा.
आणि तिथंच खाली बसली, पातेल्याच्या वाफेत,
ती उठलीच नाही.

एक्स-रेत काही नाही.
सीटीत काही नाही.
लानचौला नेलं, साडेतीन तास, रात्रीचं.
तिथल्या यंत्राच्या बोगद्यात तिला सरकवलं
आणि ते ठोकायला लागलं.
ठक ठक ठक, मग घरघर, मग पुन्हा ठक ठक.
दाराबाहेर मी उभा, सवयीनं मान तिरकी.
पाऊण तास ठोकून त्याला
एकही बद्द ऐकू आला नाही.

डॉक्टर शाङनी पडद्यावर तिची पाठ दाखवली.
इतकी सुबक, कॅलेंडरवर छापावी.
मणके ओळीनं, मधून करडी दोरी, अखंड.
म्हणाले, कोवळं हाड रबरासारखं असतं.
बोटभर ताणतं आणि गुमान जागेवर येऊन बसतं,
जसं काही झालंच नाही.
आतल्या दोरीला तेवढं ताणता येत नाही.
मग ते इथे का दिसत नाही, मी विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

मग टाचणी.
खांद्यावर: टोचलं. छातीवर: टोचलं.
बेंबीपाशी: थोडंसं.
त्यानंतर झियुन छताकडे बघत थांबली,
बराच वेळ थांबली,
म्हणाली, काका, टोचा ना आता.
त्यांचं अकरा वेळा टोचून झालं होतं.

विम्याचा माणूस सभ्य होता.
म्हणाला, इजा कागदावर दिसली पाहिजे.
सासूबाई म्हणाल्या, पोर नाचाला भ्यालीय, सोंग करतेय,
आणि पायथ्याशी तिच्या आवडीची लाल गोळी ठेवून गेल्या,
पाय पुढे सरकेल म्हणून.
तिसऱ्या दिवशी गोळीला मुंग्या.
मी त्यांना हसलो नाही.
त्याच रात्री, ती गाढ झोपलेली असताना,
तिच्या तळव्याला मीही गुदगुल्या करून पाहिल्या होत्या,
चोर पकडायला बसल्यासारखा, श्वास रोखून.

आता घरी आहे. पाठीत उशा.
बोरं खाऊन बिया खिडकीतून नेम धरून फेकते.
काल म्हणाली, बाबा, तुझी हातोडी आण.
कशाला?
मला वाजव.

हातोडी नाही आणली.
मधलं बोट वाकवून गुडघ्यावर टिचकी मारली, हलकी.
तिनं डोळे मिटले,
माझ्यासारखीच मान तिरकी केली.
कातडीला कळेना, म्हणून कानानं ऐकत होती.

ठण्ण आला ना, म्हणाली.
मी काही बोलायच्या आत म्हणाली,
परत.